बांधावरच्या माणसाची पाठ

१

आमच्या युनिटमध्ये दिवसाची सुरुवात तेलाच्या थेंबाने होते. सहा हेडच्या एम्ब्रॉयडरी मशीनच्या प्रत्येक हेडला एक थेंब, मग बॉबिनची खोबणी साफ, मग चिंधीवर एक चाचणी. हे सगळं मी करते. कमळाकर काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तोवर खुर्ची ओढून बसतात आणि कालच्या मालाचे लोंबणारे धागे कापतात. धागे कापता कापता बोलतात. मी ऐकत नाही. बाबा गेल्यापासून नवीन पनवेलमधला आमचा हा गाळा असाच चालतो.

फेब्रुवारीत मोठी ऑर्डर आली. पनवेल खाडी रक्षक दल नावाचं नवं दल उभं राहत होतं. कांदळवन तोडणारे, चोरून रेती उपसणारे, अंधारात टँकर आणून खाडीत रिकामे करणारे, अशांना पकडायला एकशेवीस जवान. प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवर दलाचं चिन्ह. दोनशे चाळीस नग. आणि त्या एकशेवीस जणांत माझा धाकटा भाऊ केतन. दोन वर्षं तो वेगवेगळ्या भरत्यांत धावून धावून परत येत होता. या वेळी नाव लागलं. त्याच्या खांद्यावरचं चिन्ह मी शिवणार, याचा मला त्याच्यापेक्षा जास्त माज होता.

चित्र घेऊन दलाचे उपप्रमुख इंद्रजीत सर स्वतः आले. तरुण माणूस, बूट चकचकीत. टेबलावर कागद पसरून त्यांनी एकेका गोष्टीवर बोट ठेवलं.

"ही ढाल, म्हणजे प्रोटेक्शन. खाली सोनेरी पट्टी, हा बांध. म्हणजे कायद्याची लाइन म्हणा. बांधापलीकडे तीन लाटा, ही आपली खाडी. आणि बांधावर उभा आहे तो आपला जवान. हातात कंदील. म्हणजे अलर्टनेस."

"तो पाठ करून का उभा आहे?" मी विचारलं.

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. "जुन्या पितळी बिल्ल्यावरून घेतलंय हे. बांधाच्या राखणदारांना असायचा म्हणे. आर्टिस्टने तसंच उतरवलं असणार."

कॉलेजात आम्हाला चिन्हांवर अख्खं सत्र होतं. ढालीवरच्या प्राण्याचं किंवा माणसाचं तोंड कुठे आहे याला अर्थ असतो, मागे वळलेला म्हणजे पळपुटा, हे मी परीक्षेत लिहून आले होते. मी तेच सरांना ऐकवलं. वर म्हटलं, "लोक म्हणतील, ह्या दलाने पहिल्या दिवसापासून आमच्याकडे पाठ केलीय. तोंड गावाकडे करा त्याचं. मी करून देते."

"पॉइंट आहे," सर म्हणाले.

काकांची कात्री थांबली. "त्याला फिरवू नको, पोरी."

"काका, तुम्ही धागे कापा."

"तो गावाकडं बगंल, तर खाडीकडं कोन बगंल?"

इंद्रजीत सर हसले. "खाडीवर ड्रोन आहे आपला, काका."

काका हसले नाहीत. मी मात्र सरांसोबत मोठ्याने हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

२

चित्राचे टाके करण्याला आमच्या धंद्यात पंचिंग म्हणतात. सुई कुठे घुसेल, कुठे उडी मारेल, कुठला धागा कुठल्यावर चढेल, सगळं संगणकावर आधी ठरवायचं. बांधावरचा माणूस मी एका संध्याकाळीत वळवला. तोंडाची जागा मोहरीएवढी. डोळ्यांना दोन-दोन टाके, मिशीला चार. कंदिलाची ज्योत नारिंगी, तिला साठ टाके, कारण तीच लांबून उठून दिसायला हवी होती. एकूण टाके नऊ हजार सहाशे चाळीस. नमुना पाठवला, तासाभरात होकार आला.

एका वेळी सहा नग, म्हणजे चाळीस फेऱ्या. बुधवारी पहिली फेरी उतरली. समोरून काम इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढून केतनला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मिशी माझ्यासारखी केलीस का?" मी लिहिलं, "तुला आहे कुठे?"

काका नग उलटे करून धागे कापत होते. उलट्या बाजूला बघण्यासारखं काही नसतं. तिथे फक्त खालच्या बॉबिनचा पांढरा धागा, तोही पांढऱ्या बकरमवर, म्हणजे मागच्या ताठ कापडावर. आकार कळतात, रंग नाहीत.

"कोमल, मागं हात लावून बग."

मी बोट फिरवलं. सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या लाटेवर काहीतरी लागलं. तांदळाच्या दाण्यासारखं, पण उभं. नग खिडकीकडे तिरका धरल्यावर दिसलं. पाच-सहा टाक्यांचा पांढरा पुंजका.

"धाग्याचं टेन्शन सैल झालंय," मी म्हटलं.

मग बाकीचे पाच उलटे केले. सहाही नगांवर, त्याच लाटेवर, त्याच जागी दाणा होता. सहा हेडची धाग्याची ओढ सहा तऱ्हेची असते. सहाही ठिकाणी एकसारखी चूक आली, तर ती फाइलमध्ये असते. मी फाइल उघडली आणि टाका-टाका पुढे नेऊन बघितली. त्या जागी काही नव्हतं. मशीनचा आकडाही नऊ हजार सहाशे चाळीसच होता.

"उलटी बाजू बाहीच्या आत जाणार आहे, काका. कोण बघणार?"

"ज्याच्या दंडाला टेकंल, त्याला लागंल."

मी रेडिओचा आवाज वाढवला. शुक्रवारी पहिल्या दहा फेऱ्यांचे साठ नग दलाकडे गेले. पहिल्या तुकडीच्या खांद्यांवर ते त्याच दिवशी शिवले गेले. केतन पहिल्या तुकडीत होता.

३

पहिली तुकडी रोडपालीच्या पलीकडच्या बांधावर लागली. जुना मातीचा बांध आहे तो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पूर्वीची मिठागरं, आता त्यांत भराव आणि लांबवर इमारती. आमचं गाव त्याच बांधाच्या आतलं. दिवसाला बारा जवान, सकाळी आठ ते चार.

तिसऱ्या दिवशी केतन घरी आला तेव्हा आई ओरडली, "शर्ट कुठे घासलास?" त्याच्या शर्टाच्या पाठीवर पांढरा थर होता. आईने नखाने खरवडून जिभेला लावला. मीठ.

"घाम असेल," तो म्हणाला.

"पाठीलाच?" मी म्हटलं. "पुढे येत नाही का तुला घाम? सरकारी नियम आहे काय?"

एरवी त्याने मला उशी फेकून मारली असती. तो भिंतीला पाठ लावून जेवायला बसला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी खाडीच्या दिशेला आहे. तो त्या खिडकीखाली, तिच्याकडे पाठ करून बसला. पूर्वी कधी बसत नव्हता.

"पाठीला गार लागतं गं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "उन्हातसुद्धा. ओलं फडकं ठेवल्यासारखं."

"मग वळून उभा राहा. खाडीवर नजर ठेवायला पाठवलंय ना तुला? गावाकडे तोंड कशाला, मुली बघायला?"

तो हसला नाही. "सगळेच गावाकडे तोंड करून उभे असतात. कोणी सांगितलं नाही. पाय तसेच पडतात. मी रोज ठरवतो, आता वळायचं. मग राहूनच जातं."

"राहून जातं म्हणजे?"

"आंघोळीचं राहून जातं तसं. कळत नाही." त्याने भात कालवला आणि तसाच ठेवला.

काका दारात उभे होते. ते आईला म्हणाले, "सुनीता, शनवारी अवस हाय. पोराला पाठवू नको."

माझं डोकं फिरलं. "काका, तो प्रोबेशनवर आहे. एक खाडा झाला तर नाव कापतील. दोन वर्षं धावलाय तो. तुम्हाला तुमची अवस आणि पुनव! दर पंधरा दिवसांनी भर दुपारी कात्री टाकून बांधावर जाऊन उभे राहता. दीड-दीड तास. कामं तुंबतात माझी. चाळीस वर्षं उभे राहिलात म्हणता, काय झालं आजपर्यंत?"

"काय नाय झालं," काका म्हणाले. "तेच तर."

असलं अर्धवट बोलणं मला सहन होत नाही. सांगायचं तर धड सांगा, नाहीतर गप्प बसा. मी केतनला म्हटलं, "तू जा. शनिवारी नक्की जा." त्याने मान डोलावली. माझं तो नेहमी ऐकतो.

४

शनिवारी काका युनिटला आले नाहीत. आईचा फोन आला की ते नऊलाच छत्री घेऊन बांधाकडे गेले. म्हणजे धागे मलाच कापायचे होते. अकरावी ते चाळिसावी, तीस फेऱ्यांचे एकशेऐंशी नग खोक्यांत होते आणि सोमवारी द्यायचे होते.

तोवर मी एकाही नगाची उलटी बाजू पुन्हा पाहिली नव्हती. ते काम काकांचं होतं आणि काका त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. अकराव्या फेरीचा नग उलटा केला, बोट फिरवलं. दाणा पहिल्या लाटेवर नव्हता. दुसऱ्या लाटेवर होता, आणि आता हरभऱ्याच्या डाळीएवढा होता.

मी सगळी खोकी टेबलावर आणली. प्रत्येक फेरीतला एक नग काढला आणि कापायच्या लांब टेबलावर ओळीने मांडला, उलटी बाजू वर. तीस नग. शटर अर्धं वर होतं, त्याखालून साडेअकराचं ऊन टेबलावर तिरकं पडलं होतं. पांढऱ्यावर पांढरं असूनही सगळं दिसत होतं.

मी डावीकडून बघत गेले. समोरून पाहिलं तर माणूस जवळ आणि लाटा त्याच्या मागे. उलटीकडून खाडीच्या बाजूने पाहिल्यासारखं होतं, लाटा जवळ आणि पलीकडे माणसाची पाठ. पंधराव्या फेरीच्या नगावर ते, जे आधी दाणा होतं, दुसरी लाट ओलांडत होतं. अठराव्यावर त्याला खांदे होते. बाविसाव्यावर ते तिसऱ्या, बांधाला लागून असलेल्या लाटेत होतं आणि माणसाच्या डोक्याहून उंच होतं. आणि त्याचीही पाठच दिसत होती. ते माझ्यापासून दूर, त्याच्याकडे चाललं होतं.

मी स्वतःला सांगितलं की फाइल खराब झालीय. पण टाके मोजलेले होते. नऊ हजार सहाशे चाळीस, प्रत्येक फेरीला. हे जास्तीचे टाके आले कुठून? मी तीसही नग सरळ केले आणि समोरून ओळीने पाहिले. ज्योत. अकराव्यावर नारिंगी ज्योत होती, थोडी बारीक. विसाव्यावर तिची रेघ उरली होती. तिसाव्यापासून पुढे कंदील काळा होता. बांधावरचा माणूस विझलेला कंदील घेऊन माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे दोन-दोन टाक्यांचे डोळे मी शिवले होते तेवढे राहिले नव्हते. मोठे झाले होते.

शेवटचे नग मी पुन्हा उलटे केले. छत्तिसाव्यावर लाटा दिसेनाशा झाल्या होत्या. सदतिसाव्यावर माणसाची फक्त टोपी उरली होती. अडतिसाव्यावर ते चित्रात मावत नव्हतं, ढालीच्या कडेच्या टाक्यांवरून वर चढून बकरमवर गेलं होतं. एकोणचाळिसावा मी बोटाने नुसता चाचपला आणि ठेवून दिला. चाळिसावा उलटा केला नाही. बोट लावलं होतं, तो ओला होता.

केतनला फोन लावला. उचलला.

"कुठे आहेस?"

"बांधावर. ताई, पाणी फार वर आलंय. उधाण आहे ना आज." त्याचा आवाज शांत होता. "पण आवाज येत नाही पाण्याचा. काहीच आवाज नाही."

"केतन, वळ. मागे बघ."



"नाही होत गं," तो म्हणाला, आणि मग लहानपणी दिवे गेले की म्हणायचा तसं, "ताई, मागं कोण हाय?"

मी धागे कापायची कात्री उचलली आणि स्कूटर काढली.

५

बांध लांबून दिसला तेव्हा पाऊण वाजला होता. भर दुपार, स्वच्छ ऊन. बांधावर बारा खाकी आकृत्या सारख्या अंतरावर उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. त्यांच्यामागे, बांधाच्या टोकाला तेरावी आकृती होती. ती एकटी पाठमोरी होती. काका. छत्री मिटून पायाशी पडली होती.

मी स्कूटर टाकून बांधावर चढले. पाणी बांधाच्या कडेला भिडलेलं होतं, काठोकाठ आणि सपाट. एक लाट नाही. बगळे नाहीत, कावळे नाहीत. मागच्या रस्त्यावरच्या ट्रकचाही आवाज नाही. मी मुद्दाम पाय आपटला, तोही ऐकू आला नाही, फक्त हाडात लागला. पण काकांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"इकडं बगू नको. पोराकडं जा आदी."

मी नजर जमिनीवर ठेवून केतनपर्यंत गेले. त्याचे डोळे उघडे होते, गालांवरून पाणी वाहत होतं. शर्टाची पाठ ओली चिंब, आणि त्या ओल्यातून मीठ फुलत होतं. मी त्याचा दंड धरून ओढला. जमिनीत रोवलेला खांब ओढावा तसं झालं.

"ओरड माझ्यावर," मी म्हटलं. "काहीतरी बोल, गाढवा."

"तूच जा म्हणालीस," तो ओठ न हलवता म्हणाला.

मी कात्री त्याच्या डाव्या खांद्यावरच्या चिन्हाखाली घातली. माझेच टाके. आयुष्यात इतक्या घाईने काही उसवलं नाही. पहिलं निघालं तेव्हा त्याचा डावा हात सुटला. दुसरं निघालं तसा तो गुडघ्यांवर कोसळला आणि रडायला लागला. मी त्याला गावाच्या बाजूच्या उतारावर ढकललं.

"कोमल," काका म्हणाले. "माजे डोले जातात आता. बारा जनांनी पाठ केलीय, पोरी. माज्या एकट्याचं बगनं पुरत नाय."

त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे ताणून उघडे होते आणि पापण्यांच्या कडांना मीठ चिकटलं होतं. मग त्या पापण्या मिटल्या. मिटायच्या नव्हत्या त्यांना, पण मिटल्या.

पाणी बांधावर आलं. सावकाश, टेबलावर सांडलेलं दूध पसरावं तसं. ते अकरा जवानांच्या बुटांवरून गेलं, माझ्या चपलांवरून गेलं, आणि उतारावर केतनच्या दिशेने निघालं.

मी कात्री केतनकडे फेकली. "सगळ्यांची काप! वर बघू नकोस, फक्त खांदे बघ!" आणि वळले, आणि खाडीकडे पाहिलं.

आधी वाटलं, पलीकडचा काठ धुक्यात गेलाय. दुपारी एकला धुकं नसतं. मग वाटलं, ढग खाली आलाय. मग कळलं की मी फार खाली बघतेय. मी मान वर करायला लागले, आणि वर करतच राहिले.

पाणी त्याच्यावरून खाली येत होतं आणि खाली पोचत नव्हतं. ऊन त्याच्या आत शिरून दुसरीकडून बाहेर पडत होतं, आणि बाहेर पडलेलं ऊन वेगळं होतं, जुनं. मिठागरात सगळ्या कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, एकदम पिकल्यावर डोळे दिपतात तेवढं पांढरं. त्याच्यामागे मला तळोज्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या, पण लहान, कोणीतरी काड्या खोचून ठेवल्यासारख्या. मान जिथे थांबली तिथे जे होतं त्याने मला पाहिलं. एवढंच लिहिते.

आणि ते थांबलं.

घरात कोणी जागं आहे हे बघून अवेळी आलेला पाहुणा उंबऱ्याबाहेर थांबतो, तसं. त्यात राग नव्हता. ओळखसुद्धा नव्हती. ते येत होतं आणि मी बघत होते, म्हणून ते तिथवरच आलं.

मला पळावंसं वाटायला हवं होतं. मला गुडघे टेकावेसे वाटले. लहानपणापासून ज्या खाडीच्या वासाला मी नाक मुरडलं, ज्या बांधावर मी रिकामी बाटली फेकली असेल, तिथे हे येत होतं. दर अवसेला, दर पुनवेला, भर दुपारी, आमच्या एवढ्याशा दारात. आणि एक म्हातारा छत्री घेऊन त्याच्यासमोर उभा राहत होता, आणि आम्ही त्याला विचारत होतो, काय झालं आजपर्यंत.

डोळे जळत होते. मी पापणी हलवली नाही. मागे केतन धावत होता. एकेक जवान सुटत होता, कोणी रडत होता, कोणी आईला हाक मारत होता, आणि ते आवाज ऐकू येत होते. शेवटी तो माझ्या मागे येऊन थांबला.

"ताई, झाले सगळे. मी वळू? मी पण बघू?"

"नाही," मी म्हटलं. "पाठ कर. काकांना धर आणि गावाकडे बघत उतर."

"पण तू..."

"केतन, उतर म्हटलं ना."

तो उतरला. मी किती वेळ उभी होते ते माहीत नाही. ओहोटी लागली तशी कधीतरी माझी मान खाली आली होती. समोर पलीकडचा काठ होता, त्यावर कांदळवन, आणि एक बगळा चिखलात पाय टाकत चालला होता.

६

इंद्रजीत सरांनी अहवालात उष्माघात लिहिलं. बारा जणांना एकदम उष्माघात, फेब्रुवारीत. मी त्यांना सांगितलं की धाग्याचा लॉट खराब निघाला, सगळे नग परत द्या, मी नवीन करून देते. जुनं चित्र, जसं आलं होतं तसं.

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, मागे वळलेला म्हणजे पळपुटा?"

"चुकलं माझं."

"मग आता काय अर्थ सांगायचा याचा? परेडला विचारतात लोक."

"सांगा, तो काम करतोय."

दोनशे चाळीस नग मी पुन्हा शिवले आणि प्रत्येक नगाची उलटी बाजू बोटाने तपासली. गुळगुळीत होती. पाठमोरा माणूस, तीन लाटा, ज्योतीचे साठ टाके. केतन कामावर परत गेला आहे. सांगतो, आता सगळे सहज खाडीकडे तोंड करून उभे राहतात, पाठीला ऊन लागतं. पण अवसेला आणि पुनवेला दुपारी त्याची बदली मी सरांकडे भांडून रोडपालीच्या चौकीत करून घेतली आहे. तो चिडला माझ्यावर. कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

काकांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, क्षाराने बुबुळं भाजल्यासारखी झालीत, खाडीच्या पाण्यात काय काय सोडतात लोक. काका तरी युनिटला येतात. बोटांनी चाचपून धागे कापतात, आणि पूर्वीपेक्षा नीट कापतात.

काल मशीन बंद केल्यावर ते एकदम म्हणाले, "मान कुठवर गेली तुजी?"

मी हाताने दाखवलं, मग आठवलं की त्यांना दिसत नाही. त्यांचा हात धरून वर नेला. ते खुर्चीतून उठले, मग टाचा उंचावल्या, तरी मी हात वर नेतच होते.

"हां," ते म्हणाले आणि बसले.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत? धड शब्दांत सांगितलं असतंत तर मी त्याला वळवला नसता."

त्यांनी कात्री पुसली.

"परत बगावंसं वाटतं ना?"

मी खोटं बोलणार होते. युनिटमध्ये दोघंच होतो, शटर खाली होतं. झोपताना ते वाटतं, आंघोळ करताना वाटतं, सुईच्या टोकाकडे बघताना वाटतं. केतनला परत आणल्याचा आनंदही त्याच्यापुढे लहान पडतो, आणि त्याची मला लाज वाटते.

"हो," मी म्हटलं.

"मना बी वाटायचं. एकदा असा एक पाऊल पुडं गेलोय मी पान्यात." त्यांनी कात्री माझ्या तळहातावर ठेवली. "म्हनून लेकरांना सांगितलं नाय. ज्याला सांगावं, तो बगाया जातो."

पुनव रविवारी आहे. भरती एक वाजून दहा मिनिटांनी. बारा वाजता मी मशीन बंद करीन. आईला सांगितलंय की एक दोर हवाय, माझ्या कमरेला एक टोक आणि काकांच्या हातात दुसरं. तिने कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि गाठ घट्ट बसते का ते दोनदा ओढून बघितलं.